टिंबू आणि काट्याच्या मापाचे हात

चारूचं नाक इवलंसं. त्या नाकात राहायची टिंबू. इतकी लहान, इतकी लहान, की खुद्द चारूलाही माहीत नाही!

टिंबूचा होता एक पाट. नाकाच्या दारातच मांडलेला. पाटावर बसायचं आणि दार राखायचं, हे टिंबूचं काम.

एकदा काय झालं? टिंबू उठली पाणी प्यायला. तेवढ्यात आला एक जंतू. अंगभर काटे! बसला की पाटावर, फतकल मारून.

"ऊठ! माझा पाट दे!"

"नाही देत, जा!"

टिंबूला आला राग. पाट नाही, तर दार कसं राखायचं?

"थांब, तुला उठवूनच दाखवते!"

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. टिंबू गेली चारूच्या अंगात खोल, गट्टूमामांकडे. मामांचं पोट केवढं? हे एवढं!

"मामा, मामा, जंतूला गिळा. जंतू उठेना, पाट मिळेना!"

"गिळलं असतं गं. पण मेला निसटतो, सुळकन! बेचकीताई धरेल, तर मी गिळीन."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. टिंबू गेली बेचकीताईकडे. ताईला वर दोन हात, खाली एक शेपूट.

"ताई, ताई, जंतूला धर. मामा गिळेना, जंतू उठेना, पाट मिळेना!"

"हे बघ माझे हात. मागच्या सर्दीच्या मापाचे! त्या जंतूच्या काट्यांवर बसायचेच नाहीत. शिवणमावशी नवे हात शिवेल, तर मी धरीन."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. टिंबू गेली शिवणमावशीकडे. मावशीचं मशीन खडखड खडखड.

"मावशी, मावशी, नवे हात शिव. ताई धरेना, मामा गिळेना, जंतू उठेना, पाट मिळेना!"

"शिवते की! पण होकारदादाला विचारल्याशिवाय मी सुईत दोरा घालत नाही. दादा हो म्हणेल, तर मी शिवीन."

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. टिंबू गेली होकारदादाकडे.

"दादा, दादा, हो म्हण. मावशी शिवेना, ताई धरेना, मामा गिळेना, जंतू उठेना, पाट मिळेना!"

"न बघताच? छे छे! मागे एकदा न बघताच हो म्हणालो. सगळ्यांनी मिळून धुळीलाच धरलं! चारू तीन दिवस शिंकत बसली. आक्छी! आक्छी! आता नाही बाबा. तू काटा आणशील, तर मी हो म्हणीन."

आता काटा कोण आणणार? दुसरं कोण! टिंबूच.

डुबुक डुबुक, डुबुक डुबुक. टिंबू आली नाकात. जंतूसमोर उभी राहिली, कंबरेवर हात ठेवून.

"दादा बोलेना, मावशी शिवेना, ताई धरेना, मामा गिळेना, जंतू उठेना, पाट मिळेना!"

जंतू लागला हसायला. खो खो खो! हसता हसता त्याने डोळे मिटले.

कटक! टिंबूने मोडला काटा. आणि पळाली, डुबुक डुबुक, डुबुक डुबुक!

दादाने काटा बघितला. उलटा बघितला, सुलटा बघितला.

"हो!"

मावशीने माप घेतलं. खडखड खडखड! नवे हात शिवले. एका ताईचे? छे! शंभर तायांचे!

ताया धावल्या. काट्यावर हात, चप्! काट्यावर हात, चप्! जंतूला हलता येईना. तायांनी शेपट्या हलवल्या.

"या मामा, या!"

मामा आले. मामांनी आ केला. गट्टम!

आणि टिंबूला मिळाला पाट. तिने तो घासला, पुसला आणि ऐटीत बसली.

मावशीने माप टाकून दिलं का? मुळीच नाही. जपून ठेवलं. महिन्याने आला जंतूचा भाऊ, तसल्याच काट्यांचा. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. त्याने दारात पाय ठेवला मात्र...

चप्! चप्! गट्टम!

जंतू गेला मामांच्या पोटी,
हसू आलं चारूच्या ओठी.