पाय दाखव

हे वारूळ बघा, पण त्याच्यावर पाय देऊ नका. श्रावणात आमच्या वाडीच्या बायका पहिली अळंबी काढतात, ती मातीसकट इथे ठेवतात आणि मोठ्याने म्हणतात, "पाय दाखव!" कुणी कुणाला पाय दाखवायचा, हे पाहुण्यांना कळत नाही. खरं सांगू, मलाही सगळं उमगलेलं नाही. ऐकलं तसं सांगतो.

फार मागे इथे ठमाबाई नावाची म्हातारी होती म्हणे. दोन्ही डोळे गेलेले, पण अळंबीची पारख तिच्याइतकी कुणाला नव्हती. टोपीचं मधलं टोक ती बोटाने चाचपायची, मग बोट देठावरून खाली न्यायची. वारुळाच्या अळंबीचं मूळ निमुळतं होत खोल मातीत जातं. त्याला आम्ही पाय म्हणतो. कुजक्या खोडावरच्या विषारी कुत्र्याच्या छत्रीला तसा पाय नसतो, असं ती सांगायची.

त्या वर्षी भात अजून पोटरीत होतं, लोंबी बाहेर पडली नव्हती, आणि घरातली धान्याची कणगी रिकामी. घरातली चार पोरं दोन दिवसांची उपाशी. धाकटी सून हौसा नवीनच आलेली. ती रानातून पाटीभर अळंबी घेऊन आली. पोर मोठी टापटिपीची. सारवलेल्या घरात चिखल कसा न्यायचा, म्हणून तिने ओढ्यावर सगळी अळंबी चोळून धुतली आणि विळ्याने पाय छाटून टाकले.

ठमाबाईने पाटीत हात घातला आणि ती थबकली.

"अगं, हिचा पाय कुठं हाय?"

"कापला, आत्याबाई. लई चिखल व्हता."

"समदी वारुळावरचीच हाय न्हवं?"

हौसा गोंधळली. "वारुळावरची... आन् बाजूच्या खोडावरची बी थोडी. सारखीच दिसली मला."

टोकंही चोळून मोडली होती. सगळं घर पाटीभोवती बसलं. कुणी म्हणे शिजवू, कुणी म्हणे फेकू. पोरं नुसती पाटीकडे बघत होती. शेवटी ठमाबाई म्हणाली, "मी खाते. उद्या सकाळपातुर जगले तर पोरांस्नी वाढा." तिने खाल्लं आणि ती इथे येऊन बसली. काही झालंच तर पोरांसमोर नको.

इथून पुढे माझं डोकं चालत नाही. खालची वाडी म्हणते, ती गेली आणि हे वारूळ तिच्यावरच वाढलं. आमची वाडी म्हणते, सकाळी काठी टेकत परत आली. माझी आई एका वर्षी असं सांगायची, एका वर्षी तसं. मी चिडून विचारलं, खरं काय? तर म्हणाली, "पाटीचं काय झालं ते इचार की!"

म्हातारी गेली असेल, तर पाटी उकिरड्यावर गेली. जगली असेल, तरी सकाळपर्यंत अळंबीला पाणी सुटून किडे पडले होते. अळंबी कुणासाठी थांबत नाही. म्हणजे कसंही सांगा, पोरं उपाशीच राहिली. मला त्याचंच वाईट वाटतं.

लोकांनी हौसाचा पायगुण काढला. मी म्हणतो, पायगुण सुनेचा नव्हताच, छाटलेल्या पायाचा होता. पुढे अळंबीची पारख हौसाच्याच हाती आली, असं सांगतात.

आजही आमच्याकडे संशयाची अळंबी कुणी चाखून बघत नाही, सरळ फेकतात. आणि आजही नवी सून चिखलाने भरलेली पाटी घेऊन उंबरा ओलांडते, तेव्हा सारवण खराब झालं म्हणून तिला कुणी बोलत नाही. घरातली जाणती बाई हात पुढे करते आणि एवढंच म्हणते, "पाय दाखव."