पागोट्याचा ओटा

खिरवाडीच्या वेशीपाशी एक ओटा आहे, घर नसलेला. पेरणीआधी गावची माणसं इथे एकमेकांकडून भाताचं बियाणं घेतात, पण पोत्यात नाही. डोक्याचं पागोटं किंवा टॉवेल सोडून, पसरून, त्यात. पाहुणे मोबाइल काढू लागले की गावचे सोनूबाबा भांगरे त्यांना थांबवतात. "फोटू मागनं काढा. आधी आमची लाज ऐका."

फार पूर्वी इथे लुमाजी पाटील होते. तेव्हा खाचरागणिक भात वेगळं असे. काळं, तांबडं, कुसळाचं. कुठलं पाणथळीत टिकणारं, कुठलं पाऊस लांबला तरी तग धरणारं. एकदा पाटील कुठल्याशा सरदाराच्या पंगतीला जेवले. तिथला पांढराशुभ्र, बारीक तांदूळ पाहून त्यांना घरच्या जाड्याभरड्या भाताची लाज वाटू लागली, असे सांगतात. त्यांनी त्या बारीक भाताचं बी आणलं, गावभर तेच पेरायला लावलं आणि घराघरांतलं जुनं बियाणं कांडून गावजेवण घातलं. वेशीपाशी राहणाऱ्या म्हाताऱ्या ठमाबाईने तेवढी आपली बियाण्याची मडकी दिली नाहीत. पाटील पंगतीत म्हणाले, "म्हातारीला कोंडाच गोड लागतो." सगळे पोट धरून हसले म्हणे.

दोन वर्षं पीक झोकात आलं. तिसऱ्या वर्षी करपा पडला. शिवारभर एकच भात, रोगाला अडवणार कोण? आठ दिवसांत खाचरं भाजल्यासारखी झाली. ठमाबाईच्या वीतभर खाचरात मात्र काळं-तांबडं उभं होतं.

पुढची पेरणी तोंडावर आली तेव्हा लुमाजी तिच्या दारी गेले. चार शब्द ऐकून घ्यायचे असं ठरवूनच गेले होते. आत पाहिलं तर चुलीवर नुसता रानातला पाला शिजत होता. बियाण्याची मडकी माळ्यावर, तोंडं लिंपलेली, जशीच्या तशी. ठमाबाईच्या गळ्याची हाडं वर आली होती.

"आजे, घरात दाणा असून तू खाल्लं का न्हाई?"

"खाल्लं असतं तर तुमी काय पेरलं असतं?" ती म्हणाली. "खाचरं किती हायेत तुमची?"

लुमाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्यांना वाटलं. पोतं सोबत नव्हतं, तिच्यापुढे हात पसरायचा धीर होईना. त्यांनी बाहेर येऊन पागोटं सोडलं, तिच्या ओट्यावर पसरलं आणि सगळ्या गावादेखत बोडक्या डोक्याने, खाली मान घालून उभे राहिले. तिने प्रत्येक भात वेगळं बांधून दिलं. पुढे तिचं घर पडलं, ओटा तेवढा गावाने राखला.

आजही इथे घेणारा मान वर करत नाही आणि देणारा कारण विचारत नाही.

"पण बाबा, आता बी दुकानात मिळतं," परवा एका पाहुणीने विचारलं. "इथे घ्यायला येतं कोण?"

सोनूबाबांनी डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला.

"औंदा मी आलतो," ते म्हणाले. "चार वर्सं समद्या खाचरांत पाकिटातलं एकच बी लावलं. ही गोष्ट तोंडपाठ असून."