पाच मैदानांचं विरजण

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कारण ज्यांनी वर्षं मोजायची ते सगळे तेव्हा एकमेकांशी अबोला धरून बसले होते.

बल्गेरियाच्या डोंगरात गोर्ना लिपा नावाचं एक गाव होतं. डोंगराच्या अंगावर एकावर एक अशी पाच मैदानं, आणि एका मैदानातून दुसऱ्यात जायला दगडी पायऱ्या. तिकडे मैदानाला ‘मेगदान’ म्हणतात, म्हणजे शब्दही आपल्याला फारसा परका नाही. सगळ्यात खाली तांबटांचं मैदान, त्यावर विणकरांचं, मग बाजाराचं, मग पावाच्या भट्ट्यांचं आणि अगदी वर चर्चचं. प्रत्येक मैदानात एक चिनार, एक दगडी पाणवठा, आणि पाणवठ्याशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारे चार म्हातारे. म्हाताऱ्यांशिवाय गाव कुठलं?

तांबटांच्या मैदानात नेदा नावाची एक विधवा राहत असे. सगळे तिला बाबा नेदा म्हणत. हसू नका, तिकडे आजीला बाबा म्हणतात. ही बाबा नेदा रोज सकाळी गाडगं काखेत मारून पाचही मैदानं चढायची. एका घरातून चमचाभर विरजण घ्यायची, दुसऱ्या घरात चमचाभर द्यायची. एकाच घरात फिरत राहिलं की विरजण थकतं, मग दह्याला तार सुटते, म्हणून विरजणाला बाहेरची हवा दाखवावी लागते, असं ती सांगे. खरं सांगायचं तर तिला विरजणाइतकीच गप्पांचीही ओढ होती. कुणाची मेंढी व्याली, कुणाच्या सुनेचं सासूशी पटत नाही, हे सगळं त्या गाडग्याबरोबर वरखाली होत असे.

मग भांडण झालं. कशावरून झालं ते विचाराल तर आजही पाच मैदानांत पाच उत्तरं मिळतात. कुणी पाण्याचं म्हणतं, कुणी घंटेचं, कुणी लग्नातल्या नाचात कोण पुढे उभं राहिलं त्याचं. एवढं खरं, की मैदानं एकमेकांना पाण्यात पाहू लागली.

त्या डोंगरात एक रीत होती. वसंतात संत गेओर्गीचा सण येतो, त्या दिवशी घरातलं विरजण, मीठ, विस्तव काही बाहेर द्यायचं नाही. दिलं तर वर्षभराच्या दुधाची बरकत त्याच्याबरोबर जाते, असं म्हणत. रीत एका दिवसाची, पण रागावलेल्या माणसांनी ती वर्षभराची करून टाकली. तांबटांचे पुढारी होते स्तामात, नेदाचे थोरले दीर. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायचा म्हटलं की त्यांचा घसा बसायचा. आपल्या मैदानातलं विरजण जो बाहेर नेईल त्याला आपल्या मैदानात दार उघडं मिळणार नाही, असं त्यांनी पाणवठ्यावर उभं राहून जाहीर केलं. बाकीच्या चार मैदानांनीही तसंच केलं. अक्कल वाटून घ्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

वर्ष सरत आलं आणि एकेका मैदानातलं दही बिघडू लागलं. आधी कडवट झालं, मग बुळबुळीत, मग दूध नुसतंच नासायला लागलं. मेंढ्यांवर जगणारं गाव ते. तिथं आजाऱ्याला, बाळंतिणीला, दात पडलेल्या म्हाताऱ्याला दह्याशिवाय दुसरं काही चालत नसे. नेदाचं विरजण तेवढं जिवंत राहिलं, कारण त्यात पाचही मैदानांचा चमचा पडलेला होता, असं म्हणतात.

नेदाची एकुलती एक लेक, यांका, चर्चच्या मैदानात दिलेली होती. ती नुकतीच बाळंत झाली होती. खालून तिच्या घराचा सज्जा दिसायचा, आणि सज्ज्यात रोज बाळाची दुपटी वाळत असायची. तीन दिवस झाले, एकही दुपटं दिसेना. चौथ्या दिवशी वरून मेंढ्या घेऊन उतरलेल्या धनगरानं सांगितलं, की यांकाला ताप आहे, पोटात काही ठरत नाही, आणि ती सारखं दही मागते आहे. तो दिवस नेमका संत गेओर्गीच्या सणाचा होता.

नेदानं गाडगं पदराखाली घेतलं नाही. उघड्यावर, काखेत घेतलं आणि पाणवठ्यापाशी आली.

“भाऊजी, मी यांकाकडे जाते.”

“जा की. लेकीला भेटायला कोण नको म्हणतंय? गाडगं ठेवून जा.”

“गाडगं पोचवायलाच चालले आहे.”

स्तामातांनी तोंड पाणवठ्याकडे फिरवलं. मग म्हणाले, “मग परत यायचं नाही, नेदा. मी बोललोय तसं.”

नेदानं आपल्या दाराकडे एकदा पाहिलं. त्या घरात तिचं सगळं आयुष्य गेलं होतं. तिला रडू आलं आणि ती रडतच पायऱ्या चढू लागली.

विणकरांच्या मैदानात चौघे आडवे आले. पण त्यांच्या मागून एक बाई वाटी घेऊन आली. तिची सासू पंधरा दिवस अंथरुणाला खिळली होती. नेदानं एक चमचा दिला, आणि त्या बाईनं चौघांकडे असं पाहिलं की ते बाजूला झाले. मग दुसरी आली, तिसरी आली. बाजाराच्या मैदानात तर रांग लागली. प्रत्येकीच्या घरात कुणीतरी यांका होतीच. नेदाला नाही म्हणता आलं नाही. प्रत्येक चमच्याला तिचा जीव तुटत होता, आणि तरी ती देत होती. भट्ट्यांच्या मैदानात शेवटच्या बाईनं वाटी पुढे केली तेव्हा गाडगं खरवडावं लागलं.

लेकीच्या दारात ती पोचली ती रिकामं गाडगं घेऊन. यांकानं विचारलं, “आणलंस?” नेदा म्हणाली, “आणलंय. थोडी थांब.” आयुष्यात ती लेकीशी तेवढं एकदाच खोटं बोलली.

तिनं कोमट दूध मागितलं आणि त्या खरवडलेल्या गाडग्यात ओतलं. गाडगं लोकरीच्या शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं, आणि चर्चच्या मैदानात चिनाराखाली उन्हात बसली. कुणी बोलवलं तरी उठली नाही. ती बसली होती तिथलं ऊन दुपार टळली तरी सरकलं नाही, सावली तिला वळसा घालून गेली, असं म्हणतात. तिसऱ्या प्रहरी तिनं शाल सोडली. दही असं लागलं होतं की चमचा उभा राहावा. कुणी म्हणतं ते सणाच्या पहाटे पडणाऱ्या पवित्र दवानं लागलं, कुणी म्हणतं आईच्या हातांनी. विरजणाचं भांडं कधी विसळायचं नसतं हे ज्या बायकांना ठाऊक आहे, त्या काही म्हणत नाहीत, नुसत्या हसतात.

यांकाच्या पोटात ते दही ठरलं. आठ दिवसांत ती उठून बसली.

नेदा खाली परतली तेव्हा तांबटांच्या मैदानातलं एकही दार उघडं नव्हतं. तिनं कुठलंच दार वाजवलं नाही. ती परत चढली आणि त्यानंतर पंधरा वर्षं कुठल्याच एका मैदानात राहिली नाही. आज विणकरांकडे जेवली, उद्या भट्टीपाशी निजली, आणि विरजण पुन्हा घरोघर फिरू लागलं. भांडण कधी मिटलं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

स्तामात रोज सकाळी पहिल्या पायरीपाशी येऊन उभे राहत. ती वरून दिसली की काहीतरी बोलायला तोंड उघडत, घसा खाकरत आणि माघारी वळत. पंधरा वर्षांत ते तीन शब्द त्यांच्याच्यानं निघाले नाहीत. एका वसंतात ती दिसली नाही. तिला शेवटचं कुणी पाहिलं हे गावाला सांगता येत नाही, आणि तिची कबर पाचही मैदानं आपल्याकडेच दाखवतात.

आजही संत गेओर्गीच्या सणाला गोर्ना लिपाचे लोक खरवडलेली गाडगी घेऊन खालून वर चालत जातात. पाचही मैदानांत चमचाभर घेतात, चमचाभर देतात. घोड्यावर वा गाडीत बसून जायचं नाही, पाहुण्यालाही पायीच चालावं लागतं. पण निघण्याआधी तांबटांची सगळी दारं सताड उघडतात. मग त्यांच्यातला सगळ्यात म्हातारा पुरुष पहिल्या पायरीवर उभा राहतो आणि वर बघून मोठ्यानं म्हणतो, “नेदा, घरी ये.”

सगळे आपापलं गाडगं काखेत घेतात. मग ते चढायला लागतात, आणि खालची दारं त्या दिवशी कुणी लावत नाही.