मुंडावळ्या बांधलेले अस्वल

एका राज्यात काहीच पुरे होत नसे. विहीर खणायला घ्यावी, तर पाणी हातभर उरले असताना कुदळ अडे. गवयाने तान घ्यावी, तर ती समेवर येत नसे. एका मांत्रिकाने राजावर रुसून राज्यातले सगळे शेवट एका रांजणात कोंडले होते. त्या रांजणाकडे जाणारी वाट एकच, आणि तीही जमिनीवरून नव्हे, एका कापडी पटावरून.

हा पट मार्तंड खेळियाकडे वारशाने आलेला. त्याची रीत ठरलेली होती. तीन गडी बसत, एकेक सोंगटी उचलत. सोंगटी उचलली की ते सोंग अंगात येई. समोर काय आहे ते खेळिया सांगे आणि विचारी, "काय करणार?" गडी खेळियाला नावाने हाक मारून बेत सांगे, मग फासा टाके. एकाहून मोठे दान पडले तर काम फत्ते. एक पडला तर काम होई, पण घाव बसे. आणि पटावरचा घाव अंगावर उमटे.

पटाच्या कडेला एक साळुंकी बसे. सारे शास्त्र तिच्या जिभेवर. ती म्हणे, "खेळियाने कोणा गड्याला आपले म्हणू नये, परके म्हणू नये. तीनदा चुकेल, तर ज्याच्यापायी चुकला तो गडी पटावरच राहील."

दोन गडी जुने होते. सर्जा पहारेकरी राजपुत्राचे सोंग घेई. गोदू सुईण चोराचे घेई, आणि मन लावून चोरी करी. तिसरा गडी देशांतराला निघाला होता. राज्याच्या रिवाजाप्रमाणे तो अजून पोचला नव्हता. त्याच्या जागी मंजुळा आली.

मंजुळा रंगाऱ्याची लेक. तिची बोटे निळीने निळीच असत. तिचे मार्तंडावर मन होते, त्याचे तिच्यावर होते, आणि वर्षापूर्वी दोघे बोहल्यावर उभेही राहिले होते. पण शेवटचे मंगलाष्टक भटजींच्या घशात अडकले, ते अडकलेच. मांडव तसाच, अंतरपाट तसाच. लग्न लागल्याखेरीज मुंडावळ्या सोडायच्या कशा? म्हणून मंजुळा मुंडावळ्या बांधूनच कापड रंगवी, आणि मार्तंड मुंडावळ्या बांधूनच पट मांडी.

"शेवट सुटले तर माझेही लग्न लागेल," ती म्हणाली. "मी खेळणार."

"खेळियाचे माणूस पटावर?" सर्जा गुरगुरला. "मग दान खरे कसे मानायचे?"

"तू गप रे," गोदू सरकून बसली. "ये गं बाई, बैस."

मार्तंडाने नाजूक राजकन्येची सोंगटी पुढे केली. मंजुळेने अस्वल उचलले.

"अस्वल?" मार्तंडाने विचारले.

"अस्वल," ती म्हणाली.

तिथपासूनच मार्तंडाचे डोके चालेनासे झाले. समोर मंजुळा होती, अस्वल होते, गडी होता आणि अर्धी बायको होती. बोलायचे कोणाशी?

पहिले काम नदी ओलांडण्याचे. "काळे पाणी आहे, त्यात मगर आहे. काय करणार?" मार्तंडाने सर्जाला विचारले.

"मार्तंडा, मी पोहतो," सर्जा म्हणाला. एक पडला.

"पोचलास. मगरीने डाव्या हाताची करंगळी नेली," मार्तंड म्हणाला. सर्जाने हात पाहिला. करंगळी नव्हती. खेळ म्हटला की असे चालायचेच.

गोदूला मोठे दान पडले, ती कोरडीच पार झाली. मग मंजुळेची पाळी आली. लग्नाआधी ती त्याला 'मार्तंडा' म्हणे. लग्नानंतर 'अहो' म्हणायचे. पण अर्ध्या लग्नात काय म्हणायचे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. "अहो..." ती म्हणाली आणि तिने फासा टाकला. फासा हवेतच राहिला.

"नाव नाही, दान नाही," साळुंकी म्हणाली.

"राहू दे, राहू दे," मार्तंड घाईने म्हणाला. "तू पोचलीस असेच धर."

"एक," साळुंकी म्हणाली. अस्वल पैलतीरी पोचले, पण गुडघ्यापर्यंत पटात रुतले. मंजुळेचे पाय बधिर झाले.

दुसरे काम नागाचे. सर्जा आणि गोदू फुत्काराखालून सरपटत गेले. मंजुळेपाशी येताच मार्तंडाच्या तोंडून नकळत गेले, "नाग झोपलाय. जपून हं!"

"आम्हाला कधी जपून म्हणाला नाहीस," सर्जा म्हणाला. चार बोटांचा हात त्याने मांडीवर ठेवला होता.

"दोन," साळुंकी म्हणाली. अस्वल नागापलीकडे गेले, पण कमरेपर्यंत रुतले.

मार्तंडाला घाम फुटला. सर्जाचे खरे होते, ते त्याला लागलेही. मग त्याने दुसरे टोक गाठले. तिसऱ्या कामाला, रांजणाच्या गुहेत, सर्जा आणि गोदूपुढे एकेक वाघ आणला, मंजुळेपुढे सात आणले. आणि "वाघांनी तुला घेरलेय, पंजा मारलाय," असे एका दमात सांगून मोकळा झाला.

"तीन," साळुंकी म्हणाली. अस्वल गळ्यापर्यंत रुतले. मंजुळा गळ्याखाली लाकडाची झाली. लाकूड हळूहळू हनुवटीकडे चढू लागले. ते डोक्यावरून गेले, की ती कायमची पटावरच राहणार होती. मुंडावळ्या तेवढ्या हलत होत्या.

"आपले म्हटले तरी चूक, परके म्हटले तरी चूक," मार्तंड रडकुंडीला आला. "मग म्हणू तरी काय? मला काही कळत नाही!"

गोदूने त्याच्याकडे असे पाहिले, की जणू जन्मलेले पोर रडायचेच विसरले आहे. "मार्तंडा, आम्हाला दर खेपेला विचारतोस, 'काय करणार?' तिला एकदा तरी विचारलेस?"

मार्तंडाने आठवून पाहिले. नदीपाशी नाही. नागापाशी नाही. वाघांपाशी तर नाहीच. तिच्या वतीने सगळे तोच ठरवून बसला होता, कधी मायेने, कधी लाजेने. त्याला स्वतःची फार शरम वाटली.

"गडी मंजुळा," तो म्हणाला, "सात वाघ आहेत. त्यांच्यामागे रांजण आहे. काय करणार?"

लाकूड हनुवटीशी थांबले. पण नाव घ्यायचे होतेच. मंजुळेने क्षणभर डोळे मिटले. मग तिला एक वाट सापडली, जिथे बायकोही नाव घेते आणि गडीही.

"नदीपल्याड नाग, नागापल्याड अस्वल,
मार्तंडरावांना विचारते, रांजणात काय असेल?"

"हा उखाणा आहे," सर्जा म्हणाला.

साळुंकीने मान तिरपी केली. "नाव आले," ती म्हणाली.

मंजुळेचा एक हात सुटला. "अस्वल वाघांच्या अंगावरून उडी मारते आणि रांजण उलथवते," तिने सांगितले आणि फासा टाकला.

एक पडला.

मार्तंडाने फाशाकडे पाहिले, निळ्या बोटांकडे पाहिले. दोन पडले म्हणावे, असे त्याच्या जिभेवर आले होते. पण सर्जा समोर होता, आणि मंजुळाही त्याच्याकडेच बघत होती. दया मागत नव्हती.

"रांजण उलथला, फुटला. खापर हातावर आले. करंगळी चेंगरली," तो म्हणाला. त्याचा आवाज कापला, पण शब्द बदलला नाही.

मंजुळा ओरडली, आणि ओरडतच उठून उभी राहिली. लाकूड उतरले होते. फुटल्या रांजणातून राज्यातले सगळे शेवट भुर्रकन उडाले. विहिरींना पाणी लागले, ताना समेवर आल्या, तिसरा गडी परमुलखात पोचला. सर्जाने आपला डावा हात मंजुळेच्या उजव्या हाताशेजारी धरून पाहिला. "आता तू आमच्यातली," तो म्हणाला आणि पागोट्याची चिंधी फाडून त्याने तिचे बोट बांधले.

तेवढ्यात मांडवातून भटजींचा बसका आवाज आला, "शुभमंगल, सावधान!" सगळे धावले. वर्षभर धरलेला अंतरपाट खाली आला. पलीकडे मंजुळा होती. हातात हार, करंगळीला चिंधी. मार्तंड खाली वाकणार होता, तिला दुखऱ्या हाताने उंच पोचावे लागू नये म्हणून. वाकता वाकता तो थांबला.

"काय करणार?" त्याने विचारले.

"मार्तंडा, हार घालणार," ती म्हणाली. "जरा वाक."

तो वाकला. तिने हार घातला, मुंडावळ्या सुटल्या. पुढे घरात ती त्याला 'अहो' म्हणे आणि पटावर 'मार्तंडा'. दोघांनाही कधी घोटाळा झाला नाही. त्या राज्यात आता सगळे पुरे होते, म्हणून ही कथाही पुरी झाली.