मागच्या दाराची कडी

"पण चुकलंय काय, ते तरी सांगा उस्ताद."

"चुकलं कुठं म्हणालो मी?"

"मग छर्ऱ्यांची पेटी बरोबर आहे?"

"बरोबर हाय."

"मग उद्यापासून घरी सराव करू?"

"नको."

शर्वरीला रडावं की भांडावं कळेना.

उस्ताद महिपती खोत पलटणीतून निवृत्त होऊन गावात नेमबाजी शिकवत. एके काळी त्यांच्या नेमाच्या गोष्टी लोक चवीनं सांगायचे. आता हात थरथरायचा. रायफल कधीच खाली ठेवली होती, नुसतं बोलून शिकवायचे. शर्वरी त्यांची सगळ्यात तयारीची शिष्या, आणि हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही.

राज्याच्या संघाची निवड तोंडावर आलेली. सरावाची जागा दुरुस्तीसाठी बंद. घरात एअर रायफल होती, पण उस्तादांनी हो म्हटल्याशिवाय ती घरात चालवायची नाही, असा शब्द ती देऊन बसली होती.

म्हणून तिनं घराच्या मागच्या लांबलचक सोप्याच्या टोकाला छर्रे अडवायची पेटी बांधली. सगळं उस्तादांनी सांगितलं तसंच. मागं जाड लोखंडी पत्रा, त्याची वरची कड पुढं झुकवलेली, म्हणजे छर्रा उलटा न येता खाली जाईल. खाली वाळू. पुढ्यात ठासून भरलेल्या चिंध्या. पेटीच्या शेजारीच परसात उघडणारं दार, आणि परसात आत्या धुणं धुवत बसलेली. आत्याला कमी ऐकू येई.

उस्ताद आज स्वतः बघायला आले. बघितलं, मान डोलावली, आणि म्हणाले, नको. आता बोला!

"पेटी लहान आहे म्हणून का?" तिनं विचारलं. "निशाणाच्या कागदापेक्षा वीतभर मोठी आहे. माझा छर्रा मधल्या काळ्या गोलाच्या बाहेर जात नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय."

"मग...?"

उस्ताद चहा घेत होते. कप बशीवर खडखडत होता. निम्मा चहा बशीत, थोडा सदऱ्यावर.

"आण ती रायफल," ते म्हणाले. "एक छर्रा मी मारतो."

गुरूला नाही कसं म्हणायचं? शर्वरीनं त्यांच्या हाताकडं पाहिलं. मग दाराकडं.

"थांबा उस्ताद. आलेच."

ती परसात गेली आणि आत्याच्या कानाशी ओरडली, "मी बोलवेपर्यंत आत यायचं नाही गं!"

आत आली, दार लावलं, कडी घातली. तरी जिवाला चैन पडेना. पलंगाची जाड फळी ओढत आणून दाराला उभी लावली. पेटीच्या दोन्ही अंगांना चिंध्यांच्या गच्च गोण्या रचल्या. खिडकी झाकली. डोळ्यांना लावायचे चष्मे शोधून आणले, एक त्यांना, एक स्वतःला. घामाघूम झाली.

उस्ताद गार झालेला चहा पीत बसले होते.

"झालं?"

"झालं." तिनं रिकामी रायफल पुढं केली.

त्यांनी हात पुढं केला नाही.

"तू मार."

"मी? तुम्ही मारणार होता ना?"

"माझा हात थरथरतो, पोरी."

आता मात्र तिचं डोकंच फिरलं. म्हणजे इतका वेळ आपण फळ्या ओढत होतो ते कशासाठी?

"मग हे सगळं कशाला करायला लावलंत?"

"मी कुठं काय करायला लावलं?"

ती आठवू लागली. खरंच, त्यांनी कडी लाव म्हटलं नव्हतं. फळी आण म्हटलं नव्हतं. काहीच म्हटलं नव्हतं. त्यामुळं तिला जास्तच राग आला.

"हे तुमच्या हातासाठी केलं मी. मला नको आहे यातलं काही. माझा हात थरथरत नाही."

"न्हाई थरथरत?"

"नाही."

"मग काढ की कडी."

शर्वरीनं रायफल खाली ठेवली. तणतणत दारापाशी गेली, फळी बाजूला केली आणि कडीवर हात ठेवला.

दारापलीकडं आत्या धुणं आपटत होती, स्वतःशीच काहीतरी मोठ्यानं बोलत. आवाज अगदी जवळून येत होता.

कडी तशीच राहिली.

रायफल कुणाच्याही हातात असो, दारापलीकडं आत्याच होती. मग तिनं हात काढून घेतला. फळी उचलून परत दाराला लावली, नीट, मघापेक्षा घट्ट.

"उस्ताद..."

उस्तादांनी रिकामा कप खडखडत खाली ठेवला.

"कर उद्यापासून सराव."