शेपटीएवढी लेन्स

मुलांनो, चांगला फोटो पाहिल्यावर “कॅमेरा कोणता?” एवढेच विचारणारा कोणीतरी या गोष्टीतल्या नुकसानीला जबाबदार आहे. नाव घेत नाही. ज्याचे त्याला कळेल, ही आशाही आता फारशी उरलेली नाही.

नदीकाठच्या एका जंगलात एक बगळा फोटो काढत असे. त्याचा कॅमेरा जुना आणि लेन्स आखूड. पण समोरचा प्राणी आपल्याला विसरून जाईपर्यंत तो एका पायावर उभा राही आणि मग एकच फोटो काढी. त्याच जंगलात एका माकडाला नवा कॅमेरा मिळाला. त्याची लेन्स माकडाच्या शेपटीएवढी लांब होती.

तिथे एक म्हातारी हत्तीण राहत होती. आई गेलेल्या आपल्या नातीला तिनेच वाढवले होते. एके दिवशी तिने सगळ्यांना बोलावून सांगितले, “उद्या सकाळी मी पलीकडच्या दरीत जाणार. तिकडून कोणी परत येत नाही. पोर लहान आहे, मला विसरेल. माझा एक फोटो तेवढा तिच्याजवळ राहू द्या.”

फोटो कोणी काढायचा हे ठरवायला पंचायत बसली. त्या जंगलात सगळेच मापून ठरत असे. ज्याची शिंगे सर्वांत लांब ते सांबर पंच झाले होते, तेही असेच. दोन्ही कॅमेरे ओंडक्यावर ठेवले गेले आणि माप घ्यायला धामण त्यांच्याशेजारी आडवी पडली.

“बगळोबा, तुमची लेन्स माझ्या मानेपाशीच संपली की,” ती म्हणाली. सगळे हसले.

बगळा म्हणाला, “आजीचे डोळे अधू आहेत. उजेड पडला की त्या मिटून घेतात. नात सोंडेला लोंबकळली की क्षणभर उघडतात. तेवढ्यासाठी थांबावं लागेल. मला जवळ उभं राहू द्या.”

“थांबायचं कशाला?” माकड म्हणाले. “माझा कॅमेरा एका दमात शंभर फोटो काढतो. एखादा तरी येईलच.”

सांबराला ते पटले. “बगळोबा, तुम्ही नदीच्या त्या काठावर थांबा,” ते म्हणाले. “उगाच मध्ये गर्दी नको.”

सकाळी माकडाने फ्लॅश उडवायला सुरुवात केली. हत्तिणीने डोळे मिटून घेतले. फ्लॅश पुन्हा पुन्हा उडाला, तसे तिने ते आणखी घट्ट मिटले. शेवटी ती निघाली. तेव्हा नात धावत येऊन सोंडेला लोंबकळली आणि हत्तिणीने डोळे उघडून तिच्याकडे पाहिले. माकड त्या वेळी मान खाली घालून आपलेच शंभर फोटो बघत होते. बगळ्याने पलीकडच्या काठावरून कॅमेरा उचलला. पण इतक्या लांबून आखूड लेन्समध्ये हत्तीण मुंगीएवढी दिसत होती. मग ती दरीत उतरली.

फोटो पाहून जंगल खूश झाले. सुरकुती न् सुरकुती स्पष्ट, सोंडेवरचा केस न् केस मोजून घ्यावा असा. नातीने सगळे फोटो पाहिले आणि विचारले, “आजी सगळ्यांत झोपलीये का?” पावसाळा सरेपर्यंत तिला आजीचे डोळे आठवेनासे झाले. बगळ्याने फोटो काढणे सोडले. आता तो फक्त मासे पकडतो.

तात्पर्य : कॅमेरा समोर असेल ते टिपतो, कधी आणि कशासाठी टिपायचे हे बघणाऱ्याला कळावे लागते, आणि ते ज्याला कळते त्यालाच दूर उभे केले, तर गेलेला क्षण कोणतेही यंत्र परत आणत नाही. हे मी पंचायतीतल्या एका रानडुकराला नीट समजावून सांगितले. त्याने मन लावून ऐकले. मग ते म्हणाले, “पटलं. पुढच्या वेळी याहून लांब लेन्स आणू.”