उजवीकडे डेन्मार्क

“देवाचा कौल एकदा मागितला की तो मोडायचा नाही. कळलं?” भाऊंनी पुन्हा बजावलं.

“का नाही मोडायचा?” शाल्मलीने विचारलं.

“हे विचारायचंही नाही,” बाळकाका म्हणाले.

वडील आणि काका एकदम एका बाजूला आलेले पाहून तिला हसू फुटलं. महिनाभर दोघांचं एका शब्दावर पटलं नव्हतं. नोकऱ्या चालून आल्या होत्या शाल्मलीला, एक डेन्मार्कात, दुसरी स्वित्झर्लंडमध्ये; आणि भांडत होते हे दोघे. अखेर ठरलं, रवळनाथाला कौल लावायचा. उभ्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायची. आधी पडेल ती देवाची मर्जी.

गाभाऱ्यात जिवबा गुरव पाकळ्या भिजवत होते. ती त्यांना तात्या म्हणायची; याच म्हाताऱ्याने तिला पखवाज शिकवला होता. चुकली की बोटांवर टिचकी, जमलं की खडीसाखर.

“उजवीकडे खंयचो देश?” त्यांनी विचारलं.

“डेन्मार्क,” भाऊ म्हणाले.

“का म्हणून? उजवीकडे स्वित्झर्लंड! पगार बघ तिथला. करही कमी,” काका म्हणाले.

“आणि घरभाडं? आरोग्याचा विमा वेगळा, तोही पदरचा. डेन्मार्कात दवाखान्याला पैसा पडत नाही.”

“पडत नाही कसा? पगार हातात यायच्या आधीच कापून घेतात!”

“घेऊ देत. पोर आजारी पडली तर?”

“पंचविशीच्या पोरीला काय होतंय?”

“तुझ्या घशात बांगड्याचा काटा अडकला, तेव्हा तू पंचविशीचाच होतास.”

“देवाक ऐकाक येता हां,” जिवबा पुटपुटले.

काका मुकाट्याने डावीकडे सरकले.

शाल्मली गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी जाऊन बसली. “तात्या, तुम्हीच सांगा. एकीकडे पगार मोठा, दुसरीकडे धास्ती कमी. किती आकडे मांडले मी... कुठे जाऊ?”

“मी गोयच्या पलीकडे कधी गेलंय नाय, बाये.”

“मग कौल कशाला लावता?”

“तू इलंस म्हणान.”

ती उठून बाजूला झाली.

जिवबांनी पाकळ्या चिकटवल्या, हात जोडले आणि खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा रवळनाथा! ह्या तुझा लेकरू परमुलखाक जाता हा. खंय त्येका सुख मेळात, तां तू सांग रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भाऊ आणि काका एकसुरात म्हणाले.

जिवबा थांबले. ज्याचं गाऱ्हाणं, त्याने होकार दिल्याशिवाय तिथे कौल धरत नसत.

“बाये, गाऱ्हाणां तुझां. तू म्हण.”

शाल्मलीने वर पाहिलं. उजवी पाकळी सुटत आली होती. भाऊंचे डोळे तिच्यावर खिळले होते. काकांनी श्वास रोखला होता.

ती पाकळी पडली की सगळं सुटलं. पुढे परक्या मुलखात एकटीने रडायची पाळी आली, तरी बोट दाखवायला देव होताच...

“नाय म्हाराजा,” ती म्हणाली.

“काय?” भाऊ दचकले.

“नाय म्हाराजा! चुकले तर मी चुकेन, भाऊ. ते मला देवावर ढकलायचं नाही. तुमच्यावर तर नाहीच नाही.”

त्या देवळात हा शब्द कुणी कधी ऐकला नव्हता. भाऊंनी काकांकडे पाहिलं, काकांनी भाऊंकडे.

जिवबांनी हात उचलला. दोन्ही पाकळ्या पडायच्या आतच काढून घेतल्या. पंच्याच्या टोकाने मूर्तीच्या खांद्यांवरची ओल टिपली.

“बस आता वायच, म्हाराजा,” ते देवाला म्हणाले. “कधीपासून उभो आसस.”